डावी टाच

बेर्गेनच्या हॉस्टेलातल्या तळघरात निन्के ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत होती, तेव्हा तिला बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला एक नाव लिहिलेलं दिसलं. गुनवोर. काळ्या शाईत, फळ्यावर लिहावं तसं ठसठशीत, आणि खाली फोनचा नंबर. तिने हातातला बोळा आत सरकवला, नीट दाबला, मग दुसरा बूट उचलून त्याचीही जीभ उलटली. तिथेही गुनवोरच होती. बाहेर पाऊस पडत होता. या गावात तो पडतच असतो, त्याची कोणी बातमी करत नाही. तळघरात गरम हवेचा पंखा घरघरत होता. दोऱ्यांवर मोजे, तंबूची कापडं, कुणाची तरी चड्डी लोंबत होती आणि सगळ्यांचा मिळून एक आंबट, मेंढीसारखा वास सुटला होता. निन्केला आधी वाटलं, बहिणीने, रिक्स्टने, हे बूट कुणा गुनवोरकडून जुने विकत घेतले असतील आणि आपल्याला सांगितलं नसेल. रिक्स्ट कुठे सगळं सांगायची. हा विचार तिने बराच वेळ धरून ठेवला. मग तिची नजर नाड्यांकडे गेली. दोन्ही नाड्या तपकिरी होत्या.

रिक्स्टच्या उजव्या बुटाची नाडी काळी होती. तपकिरी तुटली तेव्हा घरात काळी सापडली म्हणून तिने तीच ओवली. आई म्हणाली, जोडी आण की बाजारातून, बरं दिसत नाही. रिक्स्ट म्हणाली, पायांना कुठे रंग कळतात. हे सगळं निन्केला पाठ होतं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तिने झोपेतूनही सांगितलं असतं की माझ्या बहिणीच्या बुटांना एक नाडी काळी आहे. आणि तरी रोज सकाळी ती वाकून दोन तपकिरी नाड्या बांधत आली होती. किती दिवस, ते तिला लगेच आठवेना. पंख्याची घरघर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. आपल्याला आता काहीतरी व्हायला हवं असं तिला वाटलं, पोटात खड्डा पडणं, छातीत धडधडणं, निदान हात तरी कापावेत. तिने हात पुढे धरून पाहिले. ते शाईने काळे झाले होते आणि स्थिर होते.

रिक्स्ट तिची थोरली बहीण. जानेवारीत, कामावर जायला म्हणून सायकल बाहेर काढताना अंगणात पडली आणि उठली नाही. डोक्यातली एक नस फुटली होती, कुणाला पत्ताही नव्हता. नॉर्वेच्या डोंगरांतून पायी जायचा बेत रिक्स्टचा होता. रजा मंजूर झाली होती, नकाशावर पेन्सिलीने रेघ मारून झाली होती, सॅक अर्धी भरलेली होती. निन्केला डोंगराची आवड अशी नव्हतीच. त्यांच्या फ्रिसलँडमध्ये सगळं ताटासारखं सपाट, चढ म्हणजे समुद्राचा बांध, तोही गुरं चढतात इतपत. पण रजा मागितली आणि मिळाली, म्हणून ती निघाली. सॅक तिने स्वतःची घेतली. बूट मात्र रिक्स्टचे मागितले, कारण दोघींचा पाय एक मापाचा होता, आणि कारण दुसरं काही मागणं तिला सुचलं नाही. ते मागच्या दाराशी, वर्तमानपत्रावर, रिक्स्टने शेवटचे काढून ठेवले तसेच चिखलासकट उभे होते. आई त्या कागदाभोवतीची फरशी पुसायची, कागद उचलायची नाही. देऊ की नको असं तिचं बरेच दिवस चाललं. मग एकदा बटाटे सोलता सोलता, मान वर न करता म्हणाली, "ने. पण परत आण. घासूनपुसून चकाचक करू नकोस. आणि त्या टाचा बदलायच्या नाहीत."

टाचांचं असं होतं की रिक्स्ट लहानपणी बर्फावर स्केटिंग करताना पडली होती आणि डावा घोटा जरासा तिरका जुळला होता. लंगडी म्हणावी एवढं नाही. पण डावा पाय बाहेरच्या कडेवर पडायचा, आणि दर बुटाची डावी टाच बाहेरून झिजून कलती व्हायची. घरातल्या लाकडी जमिनीवर तिची चाल वेगळी वाजायची, एक पाऊल ठाम आणि एक मागून घासत येणारं. आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असताना मागचं दार उघडलं तर न वळता सांगायची कोण आलं ते. निन्केची पावलं तिने कधी ओळखली नाहीत, म्हणजे जी रिक्स्टची नाहीत ती निन्केची, असा तो हिशेब. निन्केला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. दोन मुलींच्या घरात एकीला आवाज असतो.

आता ती तळघरातल्या बाकावर बसून मागे मागे जाऊ लागली. चूक कुठे झाली ते शोधायला फार जावं लागलं नाही. वरच्या पठारावर एक मुक्कामाची झोपडी होती, जिथे पोचेपर्यंत सगळेच चिंब झाले होते. तिथली रीत सर्वत्र असते तीच: बूट दाराशी काढायचे, सुकवणीच्या खोलीत मांडायचे, आत मोज्यांनी फिरायचं. रात्रभर पंचवीस-तीस जोड त्या अंधाऱ्या खोलीत शेजारी शेजारी वाफाळत होते, आणि त्यातले निम्मे एकाच कारखान्याचे, एकाच रंगाचे, कारण या देशात एक बूट चांगला निघाला की सगळा देश तोच घालतो. सकाळी ती लवकर उठली. हात लांब करून बूट घेतले, पायरीवर बसून चढवले. जरा अंगठ्याला लागले. ओले होऊन आक्रसले असतील असं वाटलं. उतारावर डाव्या अंगठ्याची कातडी आधी दुखायला लागली, मग बधिर झाली आणि ती बधिरताच राहून गेली. खुपलं तरी तिने कधी पट्टी लावली नाही. रिक्स्टचा बूट आहे, चावणारच, असं ती म्हणायची, आणि त्यात तिला थोडं समाधानही वाटायचं. घरी कुणी तिला काही बोललं नव्हतं, रडली नाही म्हणून कुणी टोकलं नव्हतं. निदान बूट तरी चावतो आहे. संध्याकाळी ती बूट काढून समोर ठेवायची आणि कुणी ऐकत नाहीसं पाहून म्हणायची, झालं गं बाई आजचं. ते सगळं गुनवोरला सांगून झालं होतं.

आणि नुसतं बोलणंच नव्हतं. तिने एका उंच खिंडीत, जिथे रिक्स्टची पेन्सिलीची रेघ थोडी जाड झाली होती, दोन्ही बूट काढून दगडावर ठेवले होते, नाकं दरीकडे करून, म्हणजे रिक्स्टला दिसावं. कोणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं. तेव्हाही तिला काही वाटलं नव्हतं, पण तिने ते केलं होतं, आणि केलं हे महत्त्वाचं असं ती स्वतःला सांगत आली होती. जे वाटत नाही ते निदान पायांनी पार पाडावं. आता तेही गेलं. एका अनोळखी बाईच्या बुटांना तिने दरी दाखवली होती.

वर खोलीत ओर्ला पलंगावर पालथी पडून गाजर खात होती. ओर्ला आयर्लंडमधल्या कॉर्कची, तिच्याशी निन्केची ओळख दोनच दिवसांची. पण एका खोलीत झोपणाऱ्यांना एकमेकांच्या घोरण्यापासून सुरुवात करावी लागत असल्यामुळे मैत्री लवकर होते. निन्केने बूट तिच्यापुढे धरले आणि म्हणाली, हे माझे नाहीत. ओर्लाने नाव वाचलं, गाजराचा तुकडा मोडला, आणि विचारलं की मग कुणाचे, तर निन्केने सांगितलं, गुनवोरचे, लिहिलंय की. कधीपासून, असं ओर्लाने विचारलं. पठारापासून, असं निन्के म्हणाली.

"म्हणजे अर्ध्याहून जास्त देश तू दुसरीच्या बुटांतून तुडवलास? आणि कळलं नाही? बाई, तू माणूस आहेस की कपाट?"

निन्के हसली. हसू बरोबर जागेवर आलं, आपोआप, अलीकडे सगळं येतं तसं. ओर्लाला रिक्स्टबद्दल माहीत नव्हतं; निन्केने या प्रवासात ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आता सांगावं असं तिच्या मनात आलं, वाक्यही जुळलं, पण ते इतकं तयार, इतकं गुळगुळीत होतं की तिने ते गिळलं. ओर्ला म्हणाली, अगं मग फोन कर ना त्या बाईला, ती बिचारी अनवाणी बसली असेल पठारावर.

फोन करायचा तर आधी आईचा आला. आज रविवार. आई रविवारी जेवणं आटोपून, भांडी निथळत ठेवून फोन करायची, आणि तिचं बोलणं ठरलेलं होतं: हवा कशी, खाल्लंस का, बूट आहेत ना. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ती ऐकायची की नाही कुणास ठाऊक. तिसऱ्याला मात्र थांबायची. निन्के खोलीबाहेर आली. हॉस्टेलचा तो मजला जुन्या लाकडाचा, लांबलचक, आणि फोनवर बोलताना येरझारा घालायची तिला सवय. हवा पावसाची आहे. मासे खाल्ले, उकडलेले बटाटे खाल्ले. मग आईने विचारलं, आणि निन्के एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत गेली, वळली, परत निघाली, आणि म्हणाली, हो, आहेत. खोटं बोलायला काही जड गेलं नाही. तिकडे नळ ठिबकत असावा, नाहीतर घड्याळ. बऱ्याच वेळाने आई म्हणाली,

"चालू नकोस गं. एका जागी बसून बोल."

आवाज जरा वेगळा होता, पण आईला असल्या सवयींचा राग येतोच, लहानपणीही जेवताना पाय हलवले की ती चमच्याने टेबलावर ठकठक करायची. गेल्या काही रविवारी तिने हेच दोनदा म्हटलं होतं. निन्के खिडकीच्या कट्ट्यावर बसली. आता आवाज नीट येतोय का, असं तिने विचारलं, आणि आई म्हणाली, हो, आता काही येत नाहीये. बुधवारी पोच, वाट पाहते, असं म्हणून तिने फोन ठेवला. उद्या सोमवार. मंगळवारी दुपारी बोट. निन्केने खिडकीच्या काचेवर बोटाने एक रेघ ओढली, पुसली. सांगणं भाग होतं. बूट नाहीत असं आईला सांगायचं म्हणजे मागच्या दाराशी जो कागद अजून पसरलेला आहे तो कायमचा मोकळा राहणार, हे सांगायचं. आणि हरवले कसे, तर मला कळलं नाही. आईला हेच लागेल, हे निन्केला ठाऊक होतं. हरवणं ती समजून घेईल. कळलं नाही, हे ती कसं समजून घेणार, निन्केला स्वतःलाच ते समजत नव्हतं.

गुनवोरने पहिल्या घंटीला फोन उचलला. आवाज मोठा, बोटीवरून किनाऱ्याला हाक मारावी तसा. निन्केने नाव सांगितलं, बुटांचं म्हणून सांगायला सुरुवात केली, आणि पुढचं तिला सांगावंच लागलं नाही. अगं कुठे होतीस तू इतके दिवस, असं करत गुनवोरनेच सगळी कथा सांगितली: ती उठून पाहते तर तिचे बूट गेलेले, आणि उरला एकच जोड, एक नाडी काळी आणि एक तपकिरी, तेव्हाच तिने ओळखलं की ज्याने नेले तो एक तर आंधळा किंवा प्रेमात पडलेला. झोपडीत तिने निरोप ठेवला, खालच्या गावात ठेवला, बुटांत नाव शोधलं तर नाव नाही. शेवटी तेच घालून उतरली. ती राहायला इथेच, बेर्गेनच्या पलीकडच्या अंगाला, फेरीबोटीवर तिकिटं फाडण्यात जन्म गेला, आता डोंगरच डोंगर. उद्या सकाळी शहरातल्या तळ्याच्या काठी भेटू, बूट घेऊन येते. आहेत तुमच्याकडे, असं निन्केने विचारलं, आणि ते विचारताना पहिल्यांदाच तिचा आवाज जरा फाटला. गुनवोर म्हणाली, "आहेत म्हणजे? लेकरासारखे ठेवलेत."

सकाळी पाऊस नव्हता. निन्के गुनवोरचे बूट घालून निघाली, कारण दुसरं पायात घालायला रबरी चपलांखेरीज काही नव्हतं. हे दुसऱ्याचे आहेत हे कळल्यावर ते आता कसे लागतात याकडे तिचं सगळं लक्ष होतं, पण ते कालच्यासारखेच लागत होते. अंगठा कालच्यासारखाच बधिर. बेकरीच्या दारातून दालचिनीच्या पावांचा वास आला, ट्रामची घंटा वाजली, एका बाईने हातातली छत्री मिटून वर आभाळाकडे संशयाने पाहिलं. तिला रिक्स्ट आठवली ती त्या दिवशीची, ज्या दिवशी घोटा मोडला. गावामागचा कालवा गोठला होता, सगळं गाव बर्फावर होतं, आणि रिक्स्ट पडल्यावर रडली नव्हती. ती बर्फावर पाय पसरून बसून राहिली आणि निन्केला म्हणाली, जा, आईला सांग, पण सावकाश सांग. निन्के धावत गेली होती. सावकाश सांगायचं म्हणजे कसं, हे तिला तेव्हा कळलं नाही, जानेवारीतही कळलं नाही, जेव्हा पुन्हा तिलाच आईला सांगायला जावं लागलं. दोन्ही वेळा तिने एका वाक्यात सांगून टाकलं. आता बुटांचं मात्र सांगायची वेळ टळली होती. ही सुटका आहे, असं तिने स्वतःला बजावलं, आणि सुटका वाटण्याची वाट पाहत ती तळ्याला वळसा घालून बाकांकडे गेली.

एका बाकावरून लाल जाकिटातली उंच, पांढऱ्या केसांची बाई उठली आणि दोन्ही हात हलवू लागली. निन्के अजून बरीच लांब होती. जवळ पोचली तेव्हा गुनवोरने तिचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला, बाकावर बसवलं आणि डबा उघडला. पावाच्या कापा, मध्ये कागदाचे चौकोन घातलेले, वर तपकिरी चीज. आधी खा, म्हणाली, बूट कुठे पळत नाहीत. निन्केने खाल्लं. चीज गोड आणि दाट होतं, टाळूला चिकटत होतं. गुनवोर सांगत होती की त्या बुटांनी पहिले दोन दिवस तिची कंबर धरली, तिला वाटलं म्हातारपण एकदाचं आलं, मग एका ओढ्याशी बूट उलटा करून पाहिला तेव्हा कुठे टाच दिसली. मग तिने पायांजवळची पिशवी मांडीवर घेतली आणि कागद सोडला.

"उसनी वस्तू घेतली तशी परत करू नये, असं आमच्याकडे म्हणतात. बघ आता."

बूट चकाकत होते. मेण खोलवर मुरवलेलं, शिवणी बुजवलेल्या, दोन्ही नाड्या नव्या, एकसारख्या, लाल. निन्केने डावा बूट हातात घेतला आणि उलटा केला. तळ नवा होता. काळा, जाड, खाचा धारदार, टाच चौकोनी आणि दोन्ही बाजूंनी अगदी सारखी. तिने त्या टाचेवरून अंगठा फिरवला. बाहेरच्या कडेला, आतल्या कडेला, परत बाहेरच्या. गुनवोर म्हणत होती की ओळखीच्या माणसाकडून करून घेतलं, जुना तळ अगदी गेला होता, अशा टाचेवर डोंगरात पाय मुरगळायला वेळ लागत नाही. आतली गादीही बदलली. जुन्या तळांचं काय केलं, असं निन्केने विचारलं, अगदी सहज, हवापाण्याचं विचारावं तसं. गुनवोरने खांदे उडवले. टाकले असतील त्याने, म्हणाली, काय करायचे ते ठेवून.

उपकार करणाऱ्याला शिक्षा नको, असं कुणीतरी निन्केच्या आत बसून म्हणत होतं. तिने छान झालेत असं म्हटलं. आभार मानले. वाक्यं एकामागून एक येत राहिली. एका चांगल्या बाईने, चांगल्या रीतीने, तिच्या बहिणीची चाल चाकूने कापून काढून कचऱ्यात टाकली होती, आणि त्याबद्दल तिला पावाची अजून एक काप घ्यायचा आग्रह होत होता. तिने ती घेतली. समोर तळ्यावर बदकं होती. तिने गुनवोरचे बूट पायांतून काढले आणि रिक्स्टचे घातले. पायाचा अंगठा मोकळा झाला. ते बसले अगदी बरोबर, पण आतली गादी कोरी होती, पाय कुठेच रुतत नव्हता. आता आपल्याला काढलेल्या बुटांची लाज वाटायला हवी हे तिच्या लक्षात आलं: चिखलाने भरलेले, मेण नाही, आत वर्तमानपत्राच्या शाईचे डाग. माफ करा, मी नीट ठेवले नाहीत, असं ती म्हणाली. गुनवोर हसली आणि म्हणाली, बूट आहेत, देवघर नाही. मग तिने सवयीने डावा बूट उचलला, उलटा केला, आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"वाटलंच मला. लांबून येताना पाहिलं ना तुला, तेव्हाच म्हटलं, हीच ती. चालीवरूनच ओळखलं. डावा पाय बाहेर टाकतेस तू."

"मी नाही," निन्के म्हणाली. "ती माझी बहीण."

"बहीण कुठे आहे इथे? हे बघ की."

गुनवोरने दोन्ही बूट उलटे करून तिच्यापुढे धरले. उजवी टाच सरळ होती, थोडी झिजलेली. डावी टाच बाहेरच्या कडेने कलली होती. फार नाही, पठारापासून इथपर्यंत झिजावी तेवढी. निन्केने तिथेही अंगठा फिरवला. तो घसरून बाहेरच्या बाजूला गेला. कडेला रबर पातळ होऊन मऊ झालं होतं, आणि त्या उताराचा कोन तिला ठाऊक होता, तो मागच्या दाराशी वर्तमानपत्रावर वर्षानुवर्षं उभा असलेला तिने पाहिला होता. माझा घोटा कधी मोडला नाही, असं तिने सांगितलं. गुनवोरने तिच्याकडे पाहिलं, मग विचारलं की बहीण घरी आहे का. निन्के म्हणाली, "जानेवारीत गेली. बूट तिचे होते." वाक्य इतकंच निघालं, आणि गुळगुळीत नव्हतं. गुनवोरने मांडीवरच्या पिशवीची घडी घातली, परत उलगडली. "आणि मी तळ बदलले," ती म्हणाली. निन्केने मान हलवली. जाताना गुनवोरने आपले बूट तिच्यापुढे धरले, घेऊन जा म्हणून. निन्के नको म्हणाली. मग निदान ही टाच मी बदलत नाही, असं गुनवोर म्हणाली, आणि थोडं थांबून, म्हणजे कंबर पुन्हा धरणार. ती पाठमोरी बोटीच्या धक्क्याकडे गेली, सरळ, मोठी पावलं टाकत, बूट नाड्यांनी बांधून खांद्यावर.

मंगळवारी दुपारी बोट सुटायला अवकाश होता. निन्के सॅक पायांशी ठेवून धक्क्यावर उभी होती. आज रविवार नव्हता, आईला फोनची सवय नव्हती. उचलायला तिला वेळ लागला आणि काय झालं असं तिने धास्तावून विचारलं. निन्केने ठरवलं होतं की सावकाश सांगायचं. तिने पठारावरची झोपडी सांगितली, सुकवणीची खोली सांगितली, गुनवोर सांगितली. मला कळलं नाही, हे सांगितलं. बूट परत मिळाले हे सांगितलं आणि मग, तिथे थांबता आलं असतं तरी न थांबता, तळ बदलले, टाचा बदलल्या, नाड्याही, हे सांगितलं. तिकडे सांडशी की काहीतरी ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. बोटीवर साखळ्या ओढल्या जात होत्या, वर पक्षी कर्कश ओरडत होते. रागव, असं निन्केला म्हणावंसं वाटलं, काहीतरी म्हण. तिने सॅकचा पट्टा ओढून घट्ट केला. नवीन गादीवर अंगठा एका जागी बारीक दुखत होता. काल मोकळा झाल्यापासून त्यात पुन्हा रक्त खेळू लागलं होतं आणि तेव्हापासून तो ठणकत होता, मुकाट, हट्टाने.

"कुठे उभी आहेस तू?" आईने विचारलं.

"धक्क्यावर."

"खाली काय आहे? दगड?"

"नाही. लाकूड आहे. फळ्या."

आईचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग ती म्हणाली,

"मग चाल जरा."

निन्केला आधी समजलं नाही. आणि मग ते सगळे रविवार एकदम समजले, हॉस्टेलांच्या लाकडी व्हरांड्यांतून, झोपड्यांच्या ओसऱ्यांवरून घातलेल्या येरझारा, आणि दर वेळी फोनच्या त्या टोकाला, निथळत्या भांड्यांसमोर उभं राहून आईने काय ऐकलं असेल ते, एक पाऊल ठाम आणि एक मागून घासत येणारं. चालू नकोस गं. तिचे डोळे भरले, इतक्या उशिरा आणि इतके अचानक की तिला वाटलं पाऊस आला. तिने फोन कानाचा काढून खाली, गुडघ्यापाशी धरला आणि चालू लागली. कशी चालते आहे हे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बिघडलं असतं. फळ्या जाड होत्या, चांगल्या वाजत होत्या. ती धक्क्याच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि परत आली. बोटीचा भोंगा झाला तेव्हा ती पुन्हा टोकाकडे निघाली होती, आणि आईने अजून थांब म्हटलं नव्हतं.